जेवणानंतरचं पहिलं रीडिंग

आमच्या एका जुन्या चाचणी अहवालाच्या अकराव्या पानावर तळटीप आहे. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत तिचा अर्थ असा होतो : 'सात नोंदी वगळल्या आहेत. प्रोबचा संपर्क सैल असण्याची शक्यता.' दीड ओळ. ती मी लिहिली. प्रोब सैल नव्हता.

मी आकड्यांच्या बाबतीत काटेकोर माणूस आहे, निदान तसं समजून इतकी वर्षं काढली. घरात गॅसचा नवा सिलिंडर लावला की मी त्यावर खडूने तारीख लिहितो. गच्चीवरची पाण्याची टाकी भरायला मे महिन्यात बावीस मिनिटं लागतात आणि एरवी एकोणीस, हे मला पाठ आहे. बायको म्हणते, "तुम्हाला ताप आला ना, तर तुम्ही आधी थर्मामीटर खरा आहे का ते बघाल." ऑफिसातही माझी ओळख तीच. मी दिलेला आकडा कुणी परत तपासत नसे. ह्याचा मला अभिमान होता. पुढचं जे झालं त्यात त्या अभिमानाचा मोठा हात आहे.

नाशिकला सातपूरमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची चौदा माणसांची कंपनी आहे. आम्ही चिपच्या आतली घड्याळं आखतो. घड्याळ म्हणजे वेळ दाखवणारं नव्हे. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूला आतून एक ठोका लागतो, सेकंदाला लाखो, सारख्या अंतराने, आणि त्या ठोक्यावर बाकीचं सगळं चालतं. पण सेलवर चालणारी वस्तू सतत जागी ठेवली तर सेल आठवड्यात संपेल. म्हणून ती बहुतेक वेळ झोपलेली असते. दहा मिनिटं झोपायचं, क्षणभर उठायचं, हवेतली ओल मोजायची, आकडा पाठवायचा आणि परत झोपायचं. अडचण एवढीच की उठल्याबरोबर ठोका एकसारखा पडत नाही. तो आधी पुढेमागे होतो, मग जागेवर बसतो. बसला की आम्ही म्हणतो, लॉक झालं. तोवरचा वेळ म्हणजे सेल जळतोय आणि काम काहीच नाही. तो वेळ कमी करणं हे माझं काम.

त्या अहवालातल्या चिपमध्ये मी एक साधी युक्ती केली होती. ठोक्याचा वेग एका व्होल्टेजवर ठरतो. झोपताना ते व्होल्टेज बाहेरच्या एका कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेच्या इवल्याशा भांड्यात, तसंच साठवून ठेवायचं, म्हणजे जाग आली की जिथे होतो तिथूनच सुरुवात. गिऱ्हाइकाने वीस मायक्रोसेकंदांची मर्यादा दिली होती. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. माझं घड्याळ चौदात लॉक होत होतं. गिऱ्हाईक कंपनी पुण्याची; शेतात टांगायचे छोटे डबे बनवणारी. वीस मायक्रोसेकंदांत ठोका बसला नाही तर काहीतरी बिघडलंय असं समजून डबा स्वतःला पूर्ण रीसेट करणार होता, आणि त्याला दोन सेकंद लागणार होते. मला हे माहीत होतं. पण चौदा आणि वीस ह्यांत अंतर पुष्कळ होतं.

चिप हातात आल्यावर तिची मोजमापं घ्यायचं काम टेस्टिंगच्या मॅडमकडे होतं. त्या घोटीहून रोज एसटीने यायच्या. डिप्लोमा झालेल्या, वय चाळिशीच्या अलीकडे, मधली नऊ वर्षं मुलीसाठी घरी होत्या. आमच्याकडे त्या सहा-सहा महिन्यांच्या करारावर होत्या. करार तिसऱ्यांदा वाढला तेव्हा साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मे अखेरीस कायम करू असं तोंडी सांगितलं होतं. त्या मेवर मॅडमचं सगळं अडकलेलं होतं. एकदा चहाच्या वेळी त्यांनीच सांगितलं.

"सासूबाईंनी स्पष्ट सांगितलंय सर. कायमचं पत्र आलं तर नाशकात खोली घ्या, पोरीला आठवीला इथल्या शाळेत घाला, आमची काही हरकत नाही. नाही आलं तर आवणीला घरी."

"आवणीला?"

"भात कोण लावणार? एसटीतून लावता येत नाही." हे त्या हसत म्हणाल्या होत्या.

मोजमापं सुरू झाली. आमच्या बाकावर पद्धत अशी की स्कोप नावाच्या मोजयंत्राची सुई, म्हणजे प्रोब, चिपला लावायची आणि चिपला झोपवायचं, उठवायचं, झोपवायचं, उठवायचं, दर दोन मिलीसेकंदांनी एकदा. असं भराभर केलं की स्कोपच्या पडद्यावर रेघ स्थिर उभी राहते, थरथरत नाही, आणि वेळ आरामात मोजता येतो. एकेकदाच उठवलं तर रेघ चमकून नाहीशी होते. सगळीकडे असंच मोजतात. मीही वीस वर्षं असंच मोजत आलो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मॅडम माझ्या टेबलाशी वही घेऊन आल्या.

"सर, जेवून आल्यावर पहिलं रीडिंग वेगळंच येतंय. काल एकसष्ट आलं. आज अठ्ठावन्न."

"आणि दुसरं?"

"दुसरं चौदा. तिसरं चौदा. मग दिवसभर चौदाच."

"जेवायला जाताना बोर्ड बंद करता?"

"नाही, नुसता झोपवून ठेवते. पाऊण वाजता झोपवते, एक वीसला येते."

मी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, "जाता-येता बाकाला धक्का लागत असेल. प्रोब सैल होत असेल."

"मग दुसरं बरोबर कसं येतं?"

हा प्रश्न मला नीट ऐकू आला होता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि नाही हे मला जाणवलंही होतं, पायात खडा आल्यासारखं. पण मी काय म्हणालो, तर, "मॅडम, पहिलं रीडिंग धरायचंच नसतं. कॉलेजात नाही शिकवलं?"

"शिकवलं की."

"मग झालं तर."

त्या वही घेऊन गेल्या. तरी त्यांनी नोंदी खोडल्या नाहीत. आठवडाभर रोज जेवणानंतरचं पहिलं रीडिंग त्या लिहीत राहिल्या, दोनशे चाळीस नोंदींत सात. अहवाल मी लिहिला तेव्हा ते सात आकडे मी काढले, आणि काढले ह्याची टीप टाकली, कारण न सांगता काढणं मला अप्रामाणिकपणाचं वाटलं. हे आज लिहिताना कसंतरी होतं. टीप टाकली म्हणून मी स्वतःला चोख समजत होतो. टिपेच्या शेवटी पद्धतीप्रमाणे मोजमाप घेणाऱ्याची आद्याक्षरं आली. माझी नव्हे, मॅडमची.

फेब्रुवारीत डबे शेतात गेले. काही द्राक्षांच्या शीतगृहात, काही वणी रस्त्याला एका गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये. सेल दोन हंगाम चालायला हवा होता. एप्रिलमध्ये त्या गुलाबवाल्या शेतकऱ्याचा फोन आला. पुण्याच्या कंपनीत कुणी उचलत नव्हतं म्हणून त्याने डब्यामागच्या चिठ्ठीवरचा आमचा नंबर लावला होता, आणि तो नेमका माझ्याकडे आला.

"साहेब, तुमचं डबडं मेलं."

"कधी लावलं होतं?"

"सात आठवडे बी नाय झाले. एक नाय, चारी मेले. सेल बदलला, तर पंधरा दिवसांत परत बोंब. शीतगृहातले पाव्हण्याचे लय झकास चालू हाय म्हणे. आमच्याशीच काय वाकडं हाय का त्यांचं?"

मी म्हणालो की बघतो. तो म्हणाला, "बघा. पण दुपारचं येऊन बघा, सकाळी समदं गार असतंय." त्याने मला उत्तरच हातात दिलं होतं. मी वहीत लिहिलं : 'सेलची तक्रार.'

मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून रीतसर पत्र आलं. उन्हातले डबे दिवसाकाठी साठ-सत्तर वेळा स्वतःला रीसेट करत होते. सेल त्यातच संपत होता. साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. अहवाल समोर होता. त्यांनी तो चाळला, अकराव्या पानावर थांबले, आणि टीप मोठ्याने वाचली.

"प्रोब सैल. म्हणजे काय? मोजताना प्रोब सैल होता?"

मॅडम म्हणाल्या, "सर, तो सैल नव्हता."

"मग इथे तुमच्या नावाने लिहिलंय ते काय आहे?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सात नोंदींपुरतं आहे ते. बाकीच्या ठीक आहेत."

"ज्यांचा सात वेळा सैल राहतो त्यांचा दोनशे वेळा घट्ट होता कशावरून?" साहेब म्हणाले. ते ओरडले नाहीत. कागद मिटला आणि म्हणाले, "सगळी मोजमापं परत करा. दुसऱ्या कुणाकडून तरी."

तोपर्यंत माझीही प्रामाणिक समजूत हीच होती की मोजण्यात काहीतरी चुकलंय. म्हणून त्या दिवसाचं गप्प राहणं मी फार मोजत नाही. पुढचं मोजतो.

त्यानंतर आम्ही चार दिवस बायकोच्या माहेरी, वणीला, लग्नाला गेलो. सोमवारी सकाळी परत आलो. गच्चीवरची टाकी रिकामी होती. मी मोटार लावली आणि पार्किंगमध्ये घड्याळ बघत उभा राहिलो. मोटार फिरत होती, आवाज कोरडा येत होता, वर पाणी पडत नव्हतं. पाच मिनिटं गेली.

बायको वरून ओरडली, "अहो, बंद करा ती! जळेल."

"रोज तर लगेच पकडते पाणी."

"रोज लावतो म्हणून पकडते. चार दिवस बंद होती, पाइपातलं पाणी उतरलं खाली. तळाचा व्हॉल्व्ह गळतो, किती वेळा सांगितलं. आधी वरून पाणी ओता, मग लावा."

मी बादली आणली. मोटारीच्या तोंडाचं बूच उघडलं आणि पाणी ओतायला लागलो. अर्धी बादली आत गेली आणि माझा हात थांबला.

मोटार रोज लावली की पाइप भरलेला असतो, म्हणून पाणी लगेच येतं. चार दिवसांनी लावली की पाइप गळून रिकामा झालेला असतो. माझा कपॅसिटर म्हणजे तो पाइप. दोन मिलीसेकंदांत काय गळणार? काहीच नाही. पस्तीस मिनिटांत? जेवणाच्या सुट्टीत? आणि पॉलिहाऊसच्या दुपारी, जिथे गळती कितीतरी पटीने वाढते, तिथे दहा मिनिटांत? शीतगृहात गारव्याने गळत नव्हतं, एवढंच. शेतातला डबा दर दहा मिनिटांनी उठतो. त्याच्यासाठी प्रत्येक रीडिंग पहिलंच रीडिंग असतं. जे एकच रीडिंग खरं होतं ते मी टाकून दिलं होतं, आणि वर ते घेणाऱ्या बाईच्या हातावर ठपका ठेवला होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. भरलं पाणी."

टाकी भरायला बावीस मिनिटं लागली. ती बावीस मिनिटं मी तिथेच उभा होतो. ऑफिसात जाऊन पहिलं काम काय करायचं हे स्पष्ट होतं. मी ते केलं नाही.

सोमवारी मी म्हटलं, आधी खात्री करू. मंगळवारी मीटिंगा होत्या. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी बाकाशी गेलो, बोर्ड झोपवला, आणि खुर्ची ओढून बसलो. जेवणाचा डबा उघडला नाही. सत्तावीस मिनिटं झाली होती तेव्हा दार उघडलं. मॅडम चमचा विसरल्या होत्या, शेवटचा दहीभात राहिला होता.

त्यांनी मला पाहिलं, बोर्ड पाहिला, बंद पडदा पाहिला.

"किती वेळ झोपवलंय?"

"सत्तावीस मिनिटं."

त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "मग अजून आठ थांबू. माझं पस्तिसाचं होतं. सारखं असलेलं बरं."

आम्ही आठ मिनिटं बसलो. मग मी बटण दाबलं. रेघ एकदाच चमकली, स्कोपने ती धरून ठेवली, आणि मी मोजली. साठ.

मॅडम म्हणाल्या, "दुसरं घ्या." दुसरं चौदा.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माफी नाही, तर निदान 'तुमचं बरोबर होतं' एवढं. मी म्हणालो, "अजून थोडी रीडिंगं घ्यावी लागतील. एकावरून काही ठरत नाही."

त्यांनी चमचा उचलला. "सात आहेत की सर," त्या म्हणाल्या, आणि खाली गेल्या.

पुढचे दिवस कसे गेले हे मला तंतोतंत सांगता येतं, आणि तेच लाजिरवाणं आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत एक रीडिंग. एका दिवसात एकच, कारण ह्याहून जास्त वेळ कुणाच्या नजरेत न येता मिळत नव्हता. मी स्वतःला सांगत होतो की किमान दहा तरी हवीत, मग तापमान बदलून दहा. साहेबांना लिहायचं पत्र मी अकरा वेळा सुरू केलं आणि दर वेळी कुठलातरी आकडा अजून पक्का नाही म्हणून ठेवून दिलं. जन्मभर ज्या काटेकोरपणाचं मला कौतुक वाटत आलं, तोच मी अंगावर पांघरूण घेतल्यासारखा घेतला होता. वाईट ह्याचं वाटतं की मला त्यातली खोच कळत होती. खोट्या आकड्यासाठी मला एक रीडिंगही तपासावंसं वाटलं नव्हतं. खऱ्यासाठी मला वीस हवी होती.

ह्या काळात मॅडमनी मला एकदाही आठवण केली नाही. त्या रोज यायच्या, दुसरी कामं करायच्या. ह्या चिपची मोजमापं साहेबांनी दुसऱ्याकडे दिली होती. तो दुसराही दर दोन मिलीसेकंदांनीच मोजत होता आणि त्यालाही चौदाच येत होते. फक्त रोज पाऊण वाजता जेवायला जाताना मॅडम माझ्या खुर्चीमागून जायच्या, आणि मी मान वर करत नसे.

महिनाअखेरीला, बुधवारी, त्यांचं पत्र आलं. कायम नाही. आणखी सहा महिन्यांचा करार, 'मोजमापातील काटेकोरपणा सुधारण्याच्या अपेक्षेने'. काटेकोरपणा हा शब्द त्यात होता. त्यांनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पाच वीसची एसटी गाठायला नेहमीच्या वेळी निघाल्या. दारात मला म्हणाल्या, "उद्या सुट्टी टाकलीय सर. घरी जरा बोलावं लागेल."

घरी काय बोलावं लागेल ते मला ठाऊक होतं.

मॅडम शुक्रवारी परत आल्या. शनिवारी मी साहेबांच्या खोलीत गेलो. धीर आला म्हणून नव्हे, शुक्रवारी रात्री जेवताना बायकोने सहज विचारलं, "त्या घोटीच्या मॅडम झाल्या का कायम?" आणि माझ्या तोंडून 'नाही, त्यांच्या मोजण्यात गडबड होती' असं निघालं. मी ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर बसून म्हणालो. सकाळी मी सगळे कागद घेतले आणि गेलो.

साहेब म्हणाले, मॅडमनाही बोलवा. त्या आल्या, उभ्याच राहिल्या. मी सगळं सांगितलं : कपॅसिटर, गळती, दोन मिलीसेकंद, जेवणाची सुट्टी. आकडे मांडले. साहेब हुशार आहेत, त्यांना अर्ध्यातच कळलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे डिझाइनचीच चूक. आणि टीपसुद्धा तुम्ही लिहिलेली."

"हो."

"हे तुम्हाला कळलं कधी?"

मी म्हणालो, "झाले थोडे दिवस."

थोडे दिवस! टाकी किती मिनिटांत भरते ते सांगणारा माणूस मी. मग मॅडम म्हणाल्या, "सतरा दिवस, साहेब. त्या बुधवारी मी इथेच होते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. सतरा बरोबर नव्हतं. बुधवारच्या आधी सोमवार होता, मोटार होती, बादली होती. एकोणीस. पण सतराच माझ्या बाजूने दोनने कमी होते, आणि मी ते तसेच राहू दिले.

"पत्र गेलंय," साहेब थोड्या वेळाने म्हणाले. "मी वर मालकांना परत लिहितो. पण आता पुढची फेरी डिसेंबरला." त्यांनी लिहिलं, आणि उत्तरही तेच आलं, डिसेंबर.

बाहेर आल्यावर मी मॅडमना विचारलं, मी काय करू शकतो. त्या म्हणाल्या, "नवीन अहवाल काढाल तो कुणी वाचणार नाही. त्याच पानावर, त्याच टिपेखाली लिहा. आणि खाली तुमची सही करा. आद्याक्षरं नाही, पूर्ण." मी तसं केलं. आता अकराव्या पानावर दुसरी टीप आहे : वगळलेल्या सात नोंदी बरोबर आहेत, उरलेल्या दोनशे तेहेतीस ह्या वापरासाठी गैरलागू आहेत, कारण खाली. खाली माझं संपूर्ण नाव.

मॅडमनी नोकरी सोडली नाही. घरी काय झालं ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. त्या वर्षी आवणीला आठ दिवस रजा घेऊन गेल्या, परत आल्या तेव्हा बोटं फुगलेली होती आणि स्कोपची बटणं त्या पेन्सिलीच्या टोकाने दाबत होत्या. डिसेंबरला कायम झाल्या. मुलगी आठवी घोटीतच शिकली आणि नववीला नाशिकला आली. इथल्या वर्गात गणित पुढे गेलेलं होतं, असं एकदा ओझरतं बोलल्या. मी शिकवू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "नको सर. तिला पहिल्यापासून शिकवणारं कुणीतरी हवंय." ह्यात टोमणा होता की नाही हे मी ठरवू शकलो नाही. असावा.

घड्याळ आम्ही बदललं. आता झोपताना व्होल्टेज साठवत नाही. ते ज्या आकड्याने तयार होतं तो आकडाच चिपच्या आत लिहून ठेवतो. लिहिलेला आकडा गळत नाही. जाग आली की तो वाचायचा, त्याप्रमाणे ठोका सुरू करायचा आणि उरलेला बारीकसा फरक दुरुस्त करायचा. दहा मिनिटं झोपू दे की दहा दिवस, गार असो की गरम, अकरा मायक्रोसेकंदांत लॉक. पुण्याच्या लोकांनी फोन करून माझं अभिनंदन केलं. मी त्यांना म्हणालो की हे टेस्टिंगच्या मॅडममुळे झालं. ते म्हणाले, "हो हो, टीमवर्क." सगळ्या कंपनीसमोर मी मोटारीचं उदाहरण देऊन हे समजावलं होतं, लग्न, बादली, बायकोचं ओरडणं, सगळं. लोक हसले. मीही हसलो. वार कोणता ते मात्र सांगून गेलो होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

आता आमच्याकडे नियम आहे. नवी चिप आली की पहिलं मोजमाप पस्तीस मिनिटं झोपवून घ्यायचं, आणि तक्त्यात लॉकच्या वेळेशेजारी दुसरा रकाना : किती वेळ झोपली होती. नियम मॅडमनी लिहिला. त्यात एक कलम असंही आहे की पहिल्या रीडिंगला डिझाइन करणारा स्वतः शेजारी बसेल. ते माझ्यासाठी आहे. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

गेल्या महिन्यात असेच बसलो होतो. तीस मिनिटं झाली होती. तीन वर्षं मी ज्याची तयारी करत होतो ते मी एकदाचं म्हणालो.

"मॅडम, त्या वेळी साहेबांसमोर तुम्ही सतरा म्हणालात. ते सतरा नव्हते. एकोणीस होते. मला सोमवारीच कळलं होतं."

त्या पडद्याकडेच पाहत होत्या. "ठाऊक आहे की. मोटारीची गोष्ट तुम्हीच नाही का सांगितलीत सगळ्यांना, सोमवारी सकाळी लग्नाहून आलो म्हणून? मी घरी जाऊन कॅलेंडर काढलं होतं."

"मग नंतर बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलताय का ते बघत होते."

तिथे एक दिलगिरीचं वाक्य बसलं असतं, मी ते जुळवतही होतो, पण ज्याला तीन वर्षं लागली त्याला आता अजून थोडा वेळ दिला तर काय बिघडतं, असं पुन्हा मनात आलं, आणि त्या विचाराची मला घृणा आली. मी म्हणालो, "तुमच्या मुलीचं एक वर्ष माझ्यामुळे गेलं."

"गेलं," त्या म्हणाल्या. तसं काही नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला ते बरं वाटलं नाही, पण योग्य वाटलं.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पस्तीस झाली. दाबा."

मी बटण दाबलं. रेघ चमकली. त्यांनी मोजली, मला वाचून दाखवली, आणि मी लिहिली : अकरा. शेजारच्या रकान्यात पस्तीस मिनिटं. खाली सही करायला त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं.